मग तुम्ही काय केलं?



मुखेड तालुक्यात पहाटे धावायला निघणारी पोरं-पोरी बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. त्या भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण, लेखी परीक्षेला १००, आणि मुलाखत नाही. तलाठी भरतीला नाही, बँकेच्या लिपिकपदालाही नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. वशिल्याची एक वाट त्यामुळे बुजली, हे फार चांगलं झालं. पण याची दुसरी बाजूही आहे. वर्षानुवर्षं अभ्यास केलेला मुलगा एके दिवशी बँकेच्या पीओ म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरपदाच्या किंवा पुण्या-हैदराबादच्या कंपनीच्या मुलाखतीला बसतो, तेव्हा ती त्याच्या आयुष्यातली पहिलीच मुलाखत असते. आणि प्रश्न येतो, "माणसं तुमचं ऐकत नव्हती, तरी काम पार पाडावं लागलं, असा एखादा प्रसंग सांगा."

मुलगा गप्प होतो. पाठ केलेल्या नोट्समध्ये हे नसतं.

अशा प्रश्नांमागे बराच अभ्यास आहे. अमुक झालं तर काय कराल, असं विचारलं की कुणीही छान बोलतो. मागे खरंच काय केलं, हे विचारलं की माणूस कळतो. टॉम जान्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली याच पद्धतीची साध्या गप्पांसारख्या मुलाखतीशी तुलना केली. पुढे १९९८मध्ये श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं. मुलाखतीवरून पुढच्या कामाचा अंदाज कितपत येतो, याचा सहसंबंध ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीत ०.५१ निघाला, मोकळ्या गप्पांत ०.३८. उत्तराची चौकटही सोपी आहे: परिस्थिती काय होती, जबाबदारी कोणती होती, स्वतः काय केलं, शेवटी काय झालं. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'स्टार' म्हणतात.

या चौकटीत भरायला मुखेडच्या विद्यार्थ्याकडे काय कमी आहे? राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. समजा, शिबिरात वनराई बंधारा बांधताना दुपारीच पोती संपली. मुलाखतीत बहुतेक मुलं एवढंच सांगतील, "आम्ही सगळ्यांनी मिळून बंधारा बांधला, खूप शिकायला मिळालं." उत्तर खोटं नाही, पण त्यात सांगणारा कुठेच दिसत नाही. तेच एखादी मुलगी असं सांगते: "पोती संपल्यावर मुलं सावलीला जाऊन बसली. मी दोघींना घेऊन खताच्या दुकानात गेले, घरोघरी रिकामी पोती मागितली. तोवर बाकीच्यांना दगड रचायला लावलं. संध्याकाळी पाणी अडलं. एका बाजूने मात्र झिरपत राहिलं, कारण तिथे माती कमी पडली होती." त्या झिरपण्यामुळेच तिच्यावर विश्वास बसतो.

आपल्याकडे 'मी केलं' म्हणणं उद्धटपणाचं मानतात. घरात, गावात हा संस्कार मोलाचा आहे. मुलाखतीत मात्र समोरच्याला तुमचा वाटा नेमका कळायला हवा. गटाचं श्रेय गटाला द्यायचं आणि आपलं काम आपल्या नावावर सांगायचं, या दोन्ही गोष्टी एका उत्तरात बसतात.

ऑगस्ट २०२५मध्ये लेंडी नदीच्या पुराने हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली ही गावं वेढली. मुखेड तालुक्यातल्या ज्या मुलांनी तेव्हा म्हाताऱ्या माणसांना हात दिला, जेवण पोहोचवलं, पंचनाम्यासाठी कागद गोळा केले, त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे. मात्र ज्याने त्या पुरात घरचं माणूस गमावलं, त्याने ते दुःख परक्यांच्या टेबलावर मांडलंच पाहिजे असं अजिबात नाही. त्याने दुसरा प्रसंग निवडावा. कोणता प्रसंग सांगायचा, हे उमेदवार ठरवतो.

ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांमागे धाकट्या भावंडांची शाळा सांभाळणं, आडतीवर हिशेब लिहिणं, राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत सोडवणं, हेही सगळं उपयोगी आहे. उगाच रचलेली गोष्ट मात्र सांगू नये. पुढचे प्रश्न खोलात जातात: मग तुम्ही काय केलं? कोण विरोधात होतं? आज तेच काम कसं कराल? अपयशाबद्दल विचारलं की "मला प्रत्येक काम अगदी नीटच लागतं" हे उत्तर तर मुलाखत घेणाऱ्यांनी हजारदा ऐकलेलं असतं.

भाषेची धास्तीही मोठी असते. यूपीएससीत २,०२५पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत आणि मराठी माध्यमातून लेखी परीक्षा देणाऱ्याला मुलाखतही मराठीत देता येते. कंपन्यांत बहुधा इंग्रजीच चालतं. म्हणून प्रसंग आधी मराठीत लिहावा, मोठ्याने सांगावा, मगच इंग्रजीत साध्या, छोट्या वाक्यांत आणावा. मराठीतच धड सांगता आलं नाही, तर इंग्रजीत कसं येणार?

एक वही करावी. आठ-दहा प्रसंग, प्रत्येकाला एक पान, दोन मिनिटांत सांगून होईल एवढं. मैत्रिणीला समोर बसवावं, फोनवर आवाज टिपून ऐकावा. कॉलेजच्या संमेलनात मंडप, ध्वनियंत्रणा, वर्गणी, नाटकाच्या तालमी ज्यांनी सांभाळल्या, त्यांनी पहिलं पान आज रात्रीच लिहावं. कोण कुणावर रुसलं, पैसे कुठे कमी पडले, ते कसे जमवले, हे सगळं परीक्षा येईपर्यंत विसरायला होतं.