बाँब कोणाच्या जमिनीवर फुटतो?

(करडी येथे ६ ऑगस्ट १९९८ रोजी हिरोशिमा दिनाच्या सभेत केलेले भाषण)



रोवणीचे दिवस आहेत. बांधीतला चिखल धुऊन तुम्ही इथं आलात, म्हणून आम्ही थोडक्यातच बोलू.

१९४५ साली आजच्याच दिवशी अमेरिकेनं जपानच्या हिरोशिमा शहरावर अणुबाँब टाकला. वर्ष सरेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. ते युद्ध होतं. पण त्यानंतर जगात दोन हजारांवर अणुबाँब फुटले ते शत्रूवर नाही, चाचणी म्हणून. यंदा ११ आणि १३ मे रोजी आपल्या सरकारनंही राजस्थानात पोखरणला पाच फोडले. ठिकठिकाणी फटाके वाजले, पेढे वाटले. आम्ही एकच विचारतो : या चाचण्या होतात ती जमीन कोणाची?

अमेरिकेनं १९४६ साली बिकिनी बेटावरच्या लोकांना उठवलं. थोड्या दिवसांत परत याल, असं सांगितलं. इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात मारालिंगाला बाँब फोडले, ती तिथल्या आदिवासींची भूमी. धोक्याच्या पाट्या लावल्या इंग्रजीत, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी! अमेरिकेत नेवाडाची जमीन शोशोनी आदिवासी आपली म्हणतात. सगळीकडे कागदावर लिहिलं : ओसाड जमीन. आपल्या आज्यापणज्यांनी कसलेल्या जमिनीला कागदावर 'वन' लिहिलं आणि आपल्याला अतिक्रमणदार केलं, तीच ही रीत.

आता अंगाला काय होतं ते ऐका. बाँब जमिनीवर फुटला की माती धूर होऊन वर जाते आणि विषारी राख होऊन वाऱ्यासंगं दूर पडते. १ मार्च १९५४ रोजी बिकिनीला हिरोशिमाच्या हजारपट मोठा बाँब फुटला. शंभरावर किलोमीटर लांबच्या रोंगेलाप बेटावर पांढरी राख पडली. पोरं तिच्यात खेळली. मग ओकाऱ्या, अंगावर भाजल्याचे चट्टे, केस गळणं. दोन दिवसांनी लोकांना हलवलं, १९५७ साली परत आणून बसवलं. पुढं त्याच पोरांच्या गळ्यात गाठी निघाल्या.

गळ्यातच का? राखेतलं आयोडीन गवतावर पडतं, गवत गाय खाते, गाईचं दूध लेकरू पिते, आणि ते गळ्यातल्या ग्रंथीत साचतं. स्ट्राँशियम नावाचं दुसरं विष हाडात जाऊन बसतं. २९ वर्षांनीही ते निम्मंच सरतं. ते डोळ्याला दिसत नाही, त्याला वास नाही.

पोखरणला बाँब जमिनीखाली फोडले. त्यानं राख बहुतेक आतच राहते, हे खरं. पण नेवाडात १९७० साली जमिनीखालच्या स्फोटातली राखही वर फुटून आली होती. आणि हादरा तर बसतोच. तुमसरकडं मँगनीजच्या खाणीत सुरुंग उडतो तेव्हा जमीन कशी हलते, ते तुम्हाला माहीत आहे. पोखरणजवळच्या खेतोलाई गावात लोकांना घराबाहेर काढून बसवलं, आणि घरांच्या भिंतींना भेगा पडल्या. किरणं बाहेर आली नाहीत, असं सरकार सांगतं. मग मोजमाप गावासमोर ठेवा, वर्षानुवर्षं लोकांची तपासणी करा. खेतोलाईवाले काही जास्त मागत नाहीत.

बाँबची सुरुवातही आपल्याच माणसांच्या जमिनीत होते. युरेनियम निघतं बिहारात जादूगोड्याला, संथाळ आणि हो लोकांच्या मुलखात. खाणीचा विषारी गाळ त्यांच्या गावांशेजारी साठवतात. तिथले भाऊबहिणी आज त्याविरुद्ध उभे आहेत.

कोणी म्हणेल, करडीला याचं काय? गोसीखुर्दला १९८८ साली कोनशिला बसली. बुडणाऱ्या गावांना आधी कोणी विचारलं? धरण असो, खाण असो, बाँब असो, 'देशासाठी' म्हणून पहिली जमीन आपलीच जाते. देश आमचाही आहे. म्हणूनच विचारायचा हक्क आहे.

तर आज दोन ठराव करू. एक, खेतोलाई आणि जादूगोड्याच्या लोकांची उघड आरोग्य तपासणी व्हावी. दोन, ग्रामसभेला विचारल्याशिवाय कोणाचीही जमीन 'ओसाड' म्हणून घेऊ नये. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. सह्या, अंगठे पाठीमागं घेतले जातील.

जल, जंगल, जमीन कोणाची? आमची!