एका खोलीतली गोष्ट
(मंडळाच्या गणेशोत्सवात डिंडोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

आजचा विषय टीव्हीचा आहे. बाप्पासमोर टीव्ही कशाला, असं एखाद्या काकांना वाटेल. पण जरा आपल्या घरात डोकावून पाहा. कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती, नातवंडांच्या शाळेत इंग्रजी किंवा गुजराती. सलग अर्धा तास मराठी कानावर पडते, ती बऱ्याच घरांत रात्रीच्या मालिकेतूनच. म्हणून ही मालिका बनते कशी आणि तिच्यातून आपल्या मंडळाला घेण्यासारखं काय आहे, एवढंच आज बोलणार आहे.

मालिकावाल्यांच्या धंद्यात ‘बॉटल एपिसोड’ असा एक शब्द आहे. बाटलीत बंद केल्यासारखा भाग. त्याचं कारण अगदी व्यवहारी असतं. परदेशात मालिकेच्या एका पर्वासाठी ठरावीक रक्कम मिळते. एक-दोन भागांत मोठी दृश्यं झाली, बाहेरगावी चित्रीकरण झालं, की खर्च हाताबाहेर जातो. मग एखादा भाग स्वस्तात काढून तोंडमिळवणी करावी लागते. नवा सेट बांधायचा नाही, पाहुणा कलाकार बोलवायचा नाही, बाहेर जायचं नाही. उभा आहे त्याच सेटवर, नेहमीच्याच माणसांत गोष्ट सांगायची. जागा बदलायची म्हणजे टेम्पो, जनरेटर, दिवे, परवानग्या, शंभर माणसांचं जेवण. आणि कामाचा अर्धा दिवस सामान हलवण्यात जातो. ज्यांनी घरात लग्नकार्य काढलंय त्यांना हा हिशेब वेगळा सांगायला नको.

आता गंमत अशी की काटकसरीसाठी काढलेले यातले काही भाग लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहिले. तीन उदाहरणं देतो.

इंग्लंडच्या बीबीसीवर १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. फेब्रुवारी १९६४ मध्ये तिची दोन भागांची एक गोष्ट आली. सेट फक्त त्यांच्या यानाचा, आणि पात्रं नेहमीची चारच. यान बंद पडतं. कुणालाच कारण कळत नाही. मग चौघं एकमेकांवर संशय घ्यायला लागतात. म्हातारा डॉक्टर सोबतच्या शिक्षिकेवर सरळ आरोप करतो. शेवटी कारण निघतं काय, तर एका बटणाची स्प्रिंग अडकलेली! लूमवर काम केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. एवढीशी वस्तू अडकली की सगळं मशीन उभं राहतं, आणि तोवर दोन पाळ्यांचे कारागीर एकमेकांवर खापर फोडून मोकळे झालेले असतात. पण त्या गोष्टीत स्प्रिंग सापडल्यावरही एक काम उरतं. दुखावलेल्या बाईंशी डॉक्टरला जाऊन बोलावं लागतं. खरी गोष्ट ती आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या ‘फ्रेंड्स’चं, साल १९९६. पैसे वाचवायचे म्हणून एक भाग पूर्ण दिवाणखान्यात केला. रॉसला एका समारंभाला वेळेवर पोहोचायचंय आणि मित्रमंडळींपैकी कुणीच तयार नाही. एकाचं खुर्चीवरून भांडण, एकीचा ड्रेस खराब झालेला, आणि घड्याळ पुढे पळतंय. नंदुरबारच्या लग्नाला निघताना आपल्या प्रत्येक घरात हा भाग फुकटात होतो.

तिसरं २०१० मधलं, ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेचं. बजेट संपत आलेलं, म्हणून दोनच माणसं, एक प्रयोगशाळा आणि आत शिरलेली एक माशी. भाग संपेपर्यंत ती माशी मारायचा खटाटोप चालतो. काही प्रेक्षक कंटाळले, काहींना तो भाग सगळ्यांत आवडला. कारण माशीच्या निमित्तानं एका माणसाच्या मनातला अपराध ओठांपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याच दूरदर्शनवर पुढे ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ आली. चिं. वि. जोशींचं लेखन, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ. तो काळ कृष्णधवल चित्राचा होता, भव्यता दाखवायची सोयच नव्हती. लोकांनी त्या घराच्या भिंती किती उंच होत्या ते पाहिलं नाही. चिमणरावाची फजिती पाहिली.

त्यानंतर मालिका मोठ्या झाल्या. ‘रामायण’ १९८७ मध्ये सुरू झालं आणि त्याचं चित्रीकरण झालं आपल्या मुंबईच्या वाटेवरच्या उंबरगावात. हीच मालिका २०२० च्या मार्च महिन्यात, सगळा देश घरात बसलेला असताना, दूरदर्शननं पुन्हा दाखवली. तेव्हा नव्या मालिकांचं चित्रीकरण पूर्ण थांबलं होतं.

त्या टाळेबंदीत मराठीत एक प्रयोग झाला. मे २०२० मध्ये सोनी मराठीवर ‘आठशे खिडक्या नऊशे दारं’ ही मालिका आली. कलाकारांनी आपापल्या घरात राहून ती चित्रित केली. सेट म्हणजे त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची बाल्कनी. बाटलीतल्या भागाचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. इथे बाटलीचं बूच सरकारनंच लावलं होतं!

पुढे स्टुडिओ उघडले, पण नियमांसह. सेटवर माणसं कमी, आणि ६५ वर्षांवरच्या कलाकारांना मनाई. ती वयाची अट मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केली. मधल्या काळात काही मालिकांतल्या आजी-आजोबांना गावाला किंवा तीर्थयात्रेला पाठवावं लागलं. घर तेच, पण म्हातारं माणूस नसलेलं. हे चित्र जरा मनात ठेवा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण पुन्हा थांबलं. मग मराठी मालिकांची युनिटं शेजारी निघाली. कुणी गोव्याला, कुणी आपल्या दक्षिणेला सिल्वासा-दमणच्या बाजूला. मे महिन्याच्या सुरुवातीला गोव्यानंही परवानगी काढून घेतली. मिळेल तो बंगला घ्यायचा आणि एपिसोड वेळेवर पोहोचवायचा, असे ते दिवस होते. पोटासाठी मुलूख सोडून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड मांडणं म्हणजे काय, हे आपल्या दोन-तीन पिढ्यांना माहीत आहे. त्या दिवसांत ते मालिकांच्याही वाट्याला आलं.

आता कुणी विचारेल, की आपल्या रोजच्या मालिका तर बाराही महिने एकाच दिवाणखान्यात चालतात. मग त्या सगळ्या बाटलीतल्याच का? नाही. एकच सेट असला म्हणजे झालं, असं नाही. रोजच्या मालिकेत दार सताड उघडं असतं. गोष्ट अडली की नवी पाहुणी येते, पत्र येतं, अपघात होतो. बाटलीतल्या भागात दार बंद असतं. बाहेरून मदत येत नाही. आत आहेत त्याच माणसांना एकमेकांना तोंड द्यावं लागतं.

हे आपल्या रंगभूमीला नवं नाही. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ चं. नाटकमंडळी एका गावात प्रयोगाला येतात. वेळ काढायचा म्हणून हॉलमध्ये लुटुपुटूचा खटला सुरू करतात, आणि बघता बघता तो बेणारेबाईंच्या आयुष्यावरचा खराखुरा खटला होतो. त्या जायला निघतात, तर दार बाहेरून बंद. सेट काय आहे? एक रिकामा हॉल आणि काही खुर्च्या. असा हॉल तुमच्या-आमच्याकडेही आहे.

इथे मी मुद्द्यावर येतो. आपल्या गणेशोत्सवात पूर्वी नाटक व्हायचं. नंतर ऑर्केस्ट्रा आला, मग डीजे आला. नाटक का बंद पडलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पडदे महाग, सेट महाग, भाड्याचे कपडे महाग, आणि तालमीला वेळ कुणाला आहे? या सगळ्याला त्या बाटलीनं आधीच उत्तर दिलेलं आहे. सेट नको. उभा आहे तो मांडव पुरे.

माझी सूचना अशी. दर वर्षी एक गोष्ट, वीस-पंचवीस मिनिटांची, एका खोलीत. त्यासाठी चार गोष्टी पाळायच्या. पहिली, माणसं खोलीतून जाऊ शकत नाहीत याला पटेल असं कारण हवं. दुसरी, प्रश्न एकच हवा. तिसरी, ती माणसं एकमेकांना आधीपासून ओळखणारी हवीत, म्हणजे जुने हिशेब आपोआप निघतात. चौथी, घड्याळ चालू हवं.

नमुना म्हणून एक गोष्ट सांगतो. डिंडोलीतली एक खोली. बाहेर धो धो पाऊस, गल्लीत पाणी. गावाकडच्या घराला गिऱ्हाईक आलंय. मोठ्या मुलानं सकाळच्या भुसावळच्या गाडीनं सहीला निघायचंय. घर विकायचं की ठेवायचं, हे रात्रीतच ठरायला हवं. आत आजी आहे, दोन मुलगे, एक सून, आणि कॉलेजात जाणारी नात. धाकट्याला इथे फ्लॅटचा हप्ता भरायचाय. मोठ्याला वाटतं, घर गेलं तर गावात आपलं नाव घेणारं कुणी राहणार नाही. सून विचारते, की गेल्या किती दिवाळ्या आपण तिथे गेलो? आणि नातीनं ते घर धड पाहिलेलंच नाही. ती आजीला विचारते, “ते घर होतं कसं?”

इथून आजी बोलायला लागते, तिच्या अहिराणीत. धाब्याचं घर, ओसरी, कोनाडा, देवळी, चूल, उखळ. एकेका वस्तूचं नाव निघतं आणि खोलीत एकेक वस्तू दिसायला लागते. सुताराला एक रुपया न देता एक अख्खं घर मंचावर उभं राहतं. शेवटी घर विकतात की नाही, ते लिहिणाऱ्यानं ठरवावं. मला दोन्ही शेवट खरे वाटतात.

आता लक्षात घ्या, ही गोष्ट आजीशिवाय होत नाही. टाळेबंदीतल्या मालिकांनी म्हाताऱ्या माणसांना नाइलाजानं घराबाहेर काढलं. आपण घरात असूनही त्यांना कोपऱ्यात टीव्हीसमोर बसवून ठेवलंय. त्यांच्या तोंडचे हे शब्द आपल्या मुलांच्या पुस्तकांत सापडणार नाहीत, टीव्हीवरच्या मराठीतही क्वचितच. ते शब्द त्यांच्यासोबत जातील. मंचावर नात नातीचं काम करो आणि आजी आजीचंच. तालमीच्या पंधरा दिवसांत नात जेवढं शिकेल, तेवढं कुठल्या क्लासात शिकवता येईल असं मला वाटत नाही. तिनं चुकत, अडखळत, मध्ये गुजराती शब्द घालत बोललं तरी चालेल. आपल्या घरात तसंच बोलतात. ‘तारक मेहता’ मालिकेतला रत्नागिरीचा आत्माराम भिडे २००८ पासून गुजराती, पंजाबी, तमिळ शेजाऱ्यांत आपलं मराठीपण सांभाळून आहे, तेही एका सोसायटीच्या कंपाउंडात. आपलं कंपाउंड त्याहून लहान नाही.

मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. प्रयोग झाला की तो ध्वनिचित्रित करून ठेवा. दहा वर्षांत दहा खोल्या जमतील, आणि त्या दहा खोल्यांत डिंडोलीच्या मराठी माणसाचा इतिहास असेल, त्याच्याच आवाजात.

कार्यकारिणीला एवढीच विनंती, की पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत या प्रयोगासाठी अर्धा तास आजच राखून ठेवावा. आणि श्रोत्यांना विनंती, की आज घरी गेल्यावर घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला गावाकडच्या घराला दारं किती होती, ते विचारा. संहितेची पहिली ओळ तिथूनच मिळेल.