रंगाचे पिंप आणि विषाचा हिशेब



रासायनिक अस्त्रांचा तपासनीस म्हटला की मुखवटा चढविलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याचे बरेचसे काम मात्र आपल्या नवी पेठेतल्या दिवाणजीसारखे आहे. माल आला किती, खपला किती, उरला किती, हेच तो विचारतो. हेग येथील संस्था हे काम १९९७ पासून करीत आहे.

सोलापूरकरांना हे परके वाटू नये. थायोडायग्लायकॉल नावाचा द्रव कापडछपाईत रंग विरघळविण्यास वापरतात. त्याच्यापासूनच मस्टर्ड वायूही होतो. पिंप एकच, वाटा दोन! म्हणून असा माल ठराविक प्रमाणाबाहेर हाताळणाऱ्या कारखान्यात तपासनीस ४८ तासांच्या सूचनेने येऊ शकतो, वह्या तपासतो, नमुने घेतो.

भारताने आपला साठा १९९७ साली जाहीर केला आणि २००९ मध्ये तपासनिसांच्या देखत संपविला. जगातला जाहीर साठा, सुमारे ७२ हजार टन, २०२३ मध्ये संपला. हिशेबाची वही एवढे करू शकते.

परंतु १९८४ साली भोपाळला माणसे मेली, ती अस्त्राने नव्हे. कीटकनाशकाच्या कारखान्यातील वायूने. त्यानंतर १९८७ साली, आपण हाताळतो ते काय आहे हे जाणण्याचा कामगाराचा हक्क कारखाने कायद्यात आला. आम्ही कामगार चळवळीतली माणसे एवढेच म्हणतो, की हा हक्क कागदावर राहू नये. हेगचा तपासनीस कधीतरी येतो. पिंपाजवळ रोज उभा असतो तो आमचा कामगार. त्याने विचारले पाहिजे, आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे.