जुनी बोलेरो घेताना

नांदुरा, मलकापूर, खामगाव या पट्ट्यात जुनी दणकट गाडी म्हटली की बोलेरो, नाहीतर स्कॉर्पिओ. बोलेरो 2000 साली आली, स्कॉर्पिओ 2002 मध्ये. सुटे भाग सहज मिळतात, आणि गावातल्या मिस्त्रीचाही या गाड्यांवर हात बसलेला असतो. ही मोठी जमेची बाजू.

गाडी बघायला सकाळी जा. मालकाला आधीच सांगा, इंजिन गार ठेवा. बॉनेट गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी या. गार इंजिन सेल्फ मारल्यावर किती वेळ घेतं, ते ऐका. मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सावकाश उघडा. तिथून धुराचे लोट येत असतील, तर रिंगा झिजल्याची दाट शक्यता. सायलेन्सरचा धूर निळसर असेल, तर ऑइल जळतंय. इंजिनचं काम निघालं की खर्च सहज 50 हजारांपुढे जातो. अशी गाडी सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लच घसरत असेल, तर मजुरी धरून साधारण 8 ते 12 हजार. बोलेरोचे मागचे पाटे, पुढचे बुश, बॉल जॉइंट आपल्या शेतरस्त्यांवर झिजतातच; तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. रेडिएटर मात्र नीट बघा. मे महिन्याच्या उन्हात इंजिन तापलं, तर हेड गॅस्केट जाऊ शकतं.

आणि आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.