लेथची कॅरेज आपोआप सरकते तेव्हा
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये विमान कारखान्याची स्थापना झाली. सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. या साऱ्या कामात टर्नरच्या हाताला मोल आहे. तो हात कसा घडतो, हे लेथच्या एकाच दोषावरून सांगतो.

लेथच्या बेडवर डावी-उजवीकडे सरकते ती कॅरेज. टूल तिच्यावरच बसते. फेसिंग करताना, म्हणजे जॉबचे तोंड सपाट करताना, टूल आडवे चालते. कॅरेज मात्र जागेवर स्थिर हवी. टूल बाहेरून मध्याकडे जात असता कॅरेज मागे सरकत गेली, तर जॉबच्या मध्यभागी उंचवटा राहतो. ती चकच्या दिशेने गेली, तर फिरते जबडे टूलवर आदळतात. यंत्र मोडते, माणूसही जखमी होतो.

नवशिका अशा वेळी पाना उचलतो आणि दिसेल तो स्क्रू आवळतो. मित्रांनो, आधी कारण शोधा.

पहिली परीक्षा सोपी आहे. कॅरेज लॉकचा बोल्ट आवळून हलका कट घ्या. तोंड सपाट आले, तर कॅरेजच सरकत होती. उंचवटा तसाच राहिला, तर दोष क्रॉस स्लाइड किंवा हेडस्टॉकच्या जुळणीत शोधावा लागेल.

दुसरी परीक्षा. लॉक सैल करा, कॅरेज चकपासून दूर ठेवा आणि बेडवर डायल गेज बसवून त्याची पिन सॅडलला टेकवा. कट न घेता लेथ चालू करा. काटा आपोआप सरकू लागला, तर लीड स्क्रू किंवा फीड रॉड कॅरेजला ओढत आहे. हाफ नट पूर्ण उघडलेला नसेल, फीडचा क्लच सुटत नसेल, किंवा जुने घट्ट ऑइल आणि कीस अडकला असेल. मेन स्विच बंद करून सफाई करा, ताजे ऑइल द्या.

कट घेतानाच काटा हलला, तर सॅडलचा ढिलेपणा तपासा. मेन स्विच बंद करून जिबचा स्क्रू थोडा थोडा फिरवा आणि कॅरेज हाताने बेडच्या दोन्ही टोकांपर्यंत नेऊन पाहा. जुन्या लेथचा बेड चकजवळ जास्त झिजतो. तिथे जिब घट्ट बसवली, तर टेलस्टॉककडे कॅरेज अडकते. म्हणून कमी झिजलेल्या भागात ती बेताची बसवावी. जिबचे काम सॅडल डगमगू न देणे; ब्रेकचे काम लॉकचे. फेसिंग करताना लॉक आवळावा, आणि लांबीचा फीड देण्यापूर्वी आठवणीने सोडावा. झिजलेल्या बेडला मात्र शेवटी ग्राइंडिंग किंवा स्क्रेपिंगच करावे लागते.

पालकहो, दहावीला गुण कमी पडले म्हणून मुलाला आयटीआयला घातले, असे कुणी खालच्या आवाजात सांगू नये. मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणे, कारणांची एकेक करून छाननी करणे, ही विद्याच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात शिकताना विद्यावेतनही मिळते. सीएनसी यंत्रे आली, तरी दोष शोधणारी नजर माणसाचीच लागते. ती नजर आपल्या मुलामुलींना लाभो, हीच सदिच्छा.