पारध्याची सुरी
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत उमापूर येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या चालकांनीं मजकडे सोंपविलेला विषय करमणुकीचा आहे. "तुम्ही एके काळीं शिकारी होतां, तुमच्या घरीं जुन्या सुऱ्या आहेत, त्यांच्या आठवणी तरुणांस सांगा," असें ते मला म्हणाले. मी हंसत होकार दिला. परंतु घरीं जाऊन पेटी उघडली आणि सुऱ्या तेल लावून पुसूं लागलों, तेव्हां त्यांतील एकीनें माझें हंसें थांबविलें. त्या तिन्ही सुऱ्या मीं येथें मेजावर ठेविल्या आहेत. दोन उघड्या आहेत, तिसरी फडक्यांत गुंडाळलेली आहे. उघड्यांविषयीं आधीं बोलतों.

ही पहिली, माझ्या वडिलांची. पातें पांच बोटें, मूठ बाभळीची. गांवांत उतरलेल्या एका घिसाड्यानें बैलगाडीच्या जुन्या धांवेच्या तुकड्यापासून ती घडविली. धांवेचें लोखंड मऊ. त्यास धार चटकन लागते आणि तितक्याच चटकन मुडते. एक ससा सोलावयाचा तरी वडील दोन वेळां उठून उंबऱ्याच्या दगडावर तिला घासीत. त्या घासण्याचा आवाज कानीं आला कीं आम्ही मुलें झोंपेंतून उठून बसत असूं, कारण त्या रात्रीं घरांत कालवण शिजणार हें आम्हांस कळे. ज्या घरांत जोंधळ्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा हेंच बारमाही जेवण, त्या घरांतील लेकरांना त्या आवाजाहून गोड कांहीं वाटत नसे.

ही दुसरी, माझ्या मामांनीं लष्करांतून आणलेली कुकरी. दिसावयास ही तिघींत देखणी. तरुणपणीं मी ही कमरेस लावून मोठ्या ऐटीनें रानांत जात असें. परंतु खरें सांगावयाचें तर हिचें पातें जड आणि पुढें वांकलेलें. बोरीबाभळीच्या फांद्या तोडण्यास ही नामी, पण कातडें सोडविण्याच्या नाजूक कामीं निरुपयोगी. देखणेपण आणि उपयोग हे नेहमीं एका ठिकाणीं नांदत नाहींत, इतका धडा मीं हिच्यापासून घेतला.

आतां तिसरी.

आपल्या गांवच्या गायरानावर हिंवाळ्यांत फासेपारध्यांचीं पालें पडत, हें येथील वृद्धांस आठवत असेल. त्यांतील एक पारधी मला रानविद्येचा गुरु होता. तोंडानें तितराचा आवाज तो असा हुबेहूब काढी कीं झुडपांतला तितर त्यास उत्तर देऊन आपण होऊन फाशाकडे चालत येई. तांतीचे फासे, त्यांना बांधलेल्या लांकडी खुंट्या आणि एक सुरी, एवढीच त्याची सारी दौलत. खुंट्या तासणें, कांटेरी वाट मोकळी करणें, सांपडलेल्या जनावराचें दुःख झटकन संपविणें, सोलणें आणि वांटे घालणें, हीं सारीं कामें ती एकच सुरी करी. ज्याच्या शेतांत शिकार मिळे, त्याचा वांटा तो आधीं काढून ठेवी. मीं कधींही त्याचा हात वांट्यांत कमीजास्त झालेला पाहिला नाहीं.

सुरी कशी होती? आठ बोटांचें पातें, मोटारीच्या तुटलेल्या कमानीच्या पोलादाचें. हें पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड केलें, म्हणजे तें कांचेसारखें कठीण होतें आणि कांचेसारखेंच ठिसूळही. म्हणून जाणता लोहार त्यास पाणी दिल्यावर पुन्हां बेताचा शेक देतो. तेव्हां धार टिकते आणि पातेंही तुटत नाहीं. हें पातें तसें साधलेलें होतें. मूठ बोरीच्या लांकडाची, तिच्यावर तांब्याच्या तारेचे सात वेढे, आणि शेवटीं अंगठा टेकावयास एक खांच. ती सुरी हातांत घेतली कीं सोडूं नये असें मला वाटे. मित्रहो, त्या वाटण्यांतच माझ्या पापाचें बीज होतें.

सन १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या बीड जिल्ह्यानें त्या वर्षीं काय सोसलें, हें मीं सांगावयास नको. विहिरींचे तळ दिसूं लागले. सधन कुणबीही खडी फोडावयास रस्त्याच्या कामावर गेले. परदेशांतून आलेला तांबडा मिलो आणि सरकारी सुकडी यांवर माणसें जगलीं. रानांत पाणी नाहीं म्हणून जनावर नाहीं, आणि जनावर नाहीं म्हणून सुरीस काम नाहीं. अशा दिवसांत तो पारधी आमच्या दारीं आला आणि ती सुरी वडिलांच्या पुढें ठेवून दोन पायल्या जोंधळा मागूं लागला. आमच्या कणगींतही फार नव्हतें. तरी वडिलांनीं दोन पायल्या मापून दिल्या आणि म्हणाले, "सुरी राहूं दे तुझ्यापाशीं." त्यानें ऐकलें नाहीं. "फुकट नगं, दादा. पीक आल्यावर सोडवून नेतो," असें म्हणून त्यानें ती देवळींत ठेवली.

पुढल्या वर्षीं पाऊस झाला. सुगीनंतर एके दिवशीं तो आला. डोक्यावर गांठोडें होतें. दोन पायल्या जोंधळा, नवा, निवडलेला. त्या दिवशीं वडील परगांवीं गेले होते. घरीं मी एकटा. माझें वय तेव्हां बावीस वर्षांचें. धर्मशिक्षण झालेलें, दृढीकरण झालेलें, देवाच्या आज्ञा तोंडपाठ. मीं त्यास सांगितलें, "सुरी बाबांनीं विकून टाकली." त्या क्षणीं ती सुरी माळवदाच्या सरांत, मीं स्वतः लपविलेली, त्याच्या डोक्यावर दोन हातांवर होती.

तो कांहीं बोलला नाहीं. थोडा वेळ रिकाम्या देवळीकडे पाहत उभा राहिला. मग त्यानें गांठोडें सोडलें, जोंधळा ओसरीवर ओतला, फडकें झटकून खांद्यावर टाकलें आणि निघून गेला. सुरी न मिळतां त्यानें कर्ज फेडलें. वडील आल्यावर मीं सांगितलें कीं तो धान्य देऊन सुरी घेऊन गेला. एका दिवसांत दोन असत्यें आणि एक चोरी. सातवी व आठवी या दोन्ही आज्ञा मीं एका सुरीनें कापल्या.

वडिलांच्या मरणानंतर ती सुरी मीं उजेडांत आणली. तुमच्यापैकीं कित्येकांनीं ती माझ्या हातांत पाहिली आहे. नाताळच्या बोकडाचे वांटे, लग्नांतील जेवणें, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या पंगती, सर्व ठिकाणीं लोक म्हणत, "सुरी मोठी नामी आहे हो तुमची." मी "होय" म्हणत असें. शिकार तर सुटलीच. वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा संसदेनें १९७२ सालींच केला, आणि १९९१ सालच्या दुरुस्तीनें शिकारीचे उरलेसुरले परवानेही बहुतेक बंद झाले. तें योग्यच झालें. काळविटाचा कळप आज कोणी माळावर पाहिला, तर त्यानें थांबून देवाची स्तुति करावी आणि पुढें जावें.

येथें एका गोष्टीचा विचार करा. आपल्याच महाराष्ट्रांत कोल्हापूरच्या संस्थानांत पाळीव चित्ते सोडून काळविटाची शिकार होत असे. येथले चित्ते संपत आले तेव्हां आफ्रिकेंतून आणविले गेले. चित्त्यानें काळवीट पाडलें कीं त्याचा राखणदार धांवत जाऊन सुरीनें त्याचा गळा कापी आणि रक्त लांकडी पळींतून चित्त्यास पाजी, म्हणजे चित्ता भक्ष्य सोडून देई. तो खेळ पाहण्यास पाहुणे येत आणि त्याचीं छायाचित्रें दिवाणखान्यांत लागत. तेंच काळवीट आणि तशीच सुरी. पण ती पालांतल्या माणसाच्या हातांत असली कीं तो गुन्हेगार! ब्रिटिश मुलखांत १८७१ सालीं कायदा करून जातीच्या जाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविण्यास आरंभ झाला. आपण ज्या निजामी राज्यांत होतों, तेथेंही तसलाच कायदा होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं ऑगस्टच्या ३१ तारखेस हे कायदे रद्द झाले. भारतांतून चित्ता नाहींसा झाल्याचें सरकारनें जाहीर केलें तेंही १९५२ सालींच. चित्ता २०२२ सालीं आफ्रिकेंतून पुन्हां आणून मध्य प्रदेशांत कुनो येथें सन्मानानें सोडण्यांत आला. पारध्याच्या कपाळावरचा शिक्का मात्र कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनांतून अजून पुसला गेलेला नाहीं.

हें मीं विषयांतर म्हणून सांगितलें नाहीं. पुढच्या गोष्टीशीं त्याचा संबंध आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं हें पाप पापनिवेदनांत उच्चारलें होतें. धर्मगुरूंनीं क्षमेचे शब्द बोलण्यापूर्वीं मला सांगितलें कीं, दुसऱ्याची वस्तु घरांत ठेवून पश्चात्ताप पुरा होत नाहीं. ती परत केली पाहिजे. मीं होय म्हटलें, आणि आज करूं, उद्यां करूं, असें करीत वर्षें घालविलीं. यंदा महोत्सव जवळ आला तेव्हां मीं लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय वाचला. ज्युबिली हा शब्द ज्या इब्री शब्दावरून आला, त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग. पन्नासाव्या वर्षीं तें शिंग फुंकलें जाई आणि ज्याचें वतन गेलें असेल त्यास तें परत मिळे. म्हणजे ज्युबिली हा मुळांत परत करण्याचा सण आहे. पताका आणि पंगती मागाहून आल्या. मोशेच्या नियमशास्त्रांत असेंही आहे कीं, गरिबाचें दळावयाचें जातें गहाण घेऊं नये, कारण त्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. पारध्याची सुरी हें त्याचें जातेंच होतें.

मी शोध करीत गेलों. तो माणूस वारला आहे. त्याची वृद्ध पत्नी गेवराईच्या बाजूस एका गायरानावर नातवापाशीं राहते. जक्कयाची गोष्ट मनांत होती, म्हणून दोन पायल्यांच्या चौपट, आठ पायल्या जोंधळा घेऊन गेलों. सर्व हकीकत सांगितली. तिनें सुरी हातांत घेतली, खांचेंत अंगठा टेकविला आणि तारेचे वेढे मोजले. सहा भरले. "एक तुटला वाटतं," एवढेंच ती म्हणाली. धान्य तिनें ठेवून घेतलें. सुरी मात्र माझ्यापुढें सरकविली.

मीं विचारलें, "मावशी, क्षमा नाहीं का?"

ती म्हणाली, "तसं न्हाई, दादा. सुरी आमचीच हाय. पन कुठं चोरी झाली की पयल्यांदा आमच्याच घराची झडती व्हती. ही सापडली तर म्हनतील, एवढी चांगली सुरी पारध्याकडं आली कुठून? नातवाला धरून नेतील. तुमी देऊन जाताल. पन तुमी दिली, हे कुनाला ठावं? आधी चार मान्सांत सांगा. मंग घेऊन या."

बंधुभगिनींनो, मी खाटेवर बसलेला होतों, पण पायांखालची जमीन सरकल्यासारखें मला झालें. मीं चोरलें तें मला सहज आपलें म्हणून मिरवितां आलें. पन्नास वर्षें कोणीं विचारलें नाहीं, कोठून आणली म्हणून. जिचें होतें तिला मात्र तें परत घेण्याचीही भीति! चोर मी, आणि झडती तिची!

म्हणून ही तिसरी सुरी मी आतां तुमच्यासमोर फडक्यांतून काढतों. पाहा. हिच्या मुठीवर सहा वेढे आणि अंगठ्याची खांच आहे. ही माझी नव्हे, माझ्या वडिलांची नव्हे. ही एका पारध्याची असून, त्यानें प्रामाणिकपणें कर्ज फेडल्यावर मीं ती असत्य बोलून ठेवून घेतली. माझे वडील निर्दोष होते; त्यांच्या नांवावर मीं घातलेला डागही आज मी काढून घेतों.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, सभा संपल्यावर ज्यांची इच्छा असेल त्यांनीं मीं लिहून आणलेल्या कागदावर साक्षीची सही अथवा अंगठा करावा. ही सुरी त्या कुटुंबाची आहे, एवढेंच त्यांत लिहिलें आहे. धर्मगुरूंनीं मजबरोबर येण्याचें कबूल केलें आहे. उद्यां सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही सुरी आणि कागद दोन्ही तिच्या हातीं देऊं. दुसरी, हें भाषण चालकांनीं स्मरणिकेंत छापावें. सह्यांचा कागद हरवूं शकतो. पण ही पुस्तिका घरोघर राहील, आणि उद्यां त्या मुलास कोणीं अडविलें तर उमापूरच्या कोणत्याही ख्रिस्ती घरांतून त्याच्या बाजूनें पुरावा निघेल.

तरुणांनो, तुम्हांस शिकारीच्या गोष्टी ऐकावयाच्या होत्या. माझ्या आयुष्यांतील मोठी शिकार हीच. आणि तींत फाशांत सांपडलों तो मी. तुमच्याही घरांत माळवदाखालीं कोणाची वस्तु, कोणाचा बांध, कोणाची मजुरी दडलेली असेल, तर महोत्सवाचें वर्ष सरण्यापूर्वीं ती ज्याची त्यास पोंचवा; आणि घेणारा भीत असेल तर त्याच्या शेजारीं उभे राहा. पवित्र मारिया माता आम्हांस त्यासाठीं बळ मिळवून देवो, आणि प्रभु येशू ख्रिस्ताची कृपा या धर्मग्रामावर व गायरानावरील त्या घरावर सारखीच राहो.

कागद दारापाशीं मेजावर ठेविला आहे.