मोबाईलचे चित्र दूरचित्रवाणीवर : तारेविना आणि इंटरनेटविनाही

(कामठा, जि. गोंदिया येथील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिनांक १ ऑगस्ट १९७५ रोजी आपल्या देशात एक मोठा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु कामठ्याच्या पूर्वेकडील रायपूर परिसरातील खेडी त्यात होती. संच सार्वजनिक जागी ठेवलेला असे. सकाळी शाळेतील मुले आणि संध्याकाळी सारे गाव त्याच्यासमोर बसे.

पडदा एक आणि पाहणारे पुष्कळ, अशी ती व्यवस्था होती. मोबाईलने ती उलटी केली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर येऊ लागले, तेव्हा घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन, ही अडचण किती घरांत होती हे शिक्षकांना सांगावयास नको. त्यातही तो फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असे.

हातातील लहान पडद्यावरचे चित्र वर्गातील मोठ्या पडद्यावर नेता आले, तर ती जुनी सामुदायिक बैठक पुन्हा बसू शकते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या लहानशा शाळेचे उदाहरण राज्यभर गाजले. दिनांक २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयानंतर लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करण्याची चळवळ जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. संच आले, पण 'नेट नाही' म्हणून संचावरचे आच्छादन निघत नाही, ही तक्रारही पाठोपाठ आली. ती बहुधा एका गैरसमजातून येते.

मोबाईलचे चित्र दूरचित्रवाणीवर नेण्याच्या दोन निराळ्या रीती आहेत. पहिलीत मोबाईल केवळ निरोप देतो. अमुक चित्रफीत अमुक ठिकाणी आहे, एवढे तो कळवितो आणि संच स्वतःच ती इंटरनेटवरून मागवून घेतो. २०१३ साली आलेल्या क्रोमकास्टची पद्धत मुख्यतः ही. येथे संच आणि मोबाईल एकाच वाय-फायवर असावे लागतात आणि बाहेरचे चित्र हवे असेल तर इंटरनेटही लागते. दुसरी रीत आरशाची आहे. मोबाईलच्या पडद्यावर जे दिसते तेच बारीक करून रेडिओलहरींनी संचाकडे धाडले जाते. वाय-फाय अलायन्स या संस्थेने २०१२ मध्ये 'मिराकास्ट' या नावाने त्याचे प्रमाण ठरविले. यात मोबाईल आणि संच परस्परांशी थेट जोडले जातात. मध्ये राउटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात टॉवर बंद पडला तरी फोनमध्ये साठविलेला धडा दाखविता येतो. 'दीक्षा' उपयोजनावरील अनेक पाठ आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके नेट असेल त्या दिवशी उतरवून ठेवता येतात. शिक्षकाने शनिवारी एवढे केले तर सोमवारचा तास नेटवर अवलंबून राहत नाही. वीज मात्र हवी, हे खरे.

संचाच्या 'इनपुट' यादीतून 'स्क्रीन मिररिंग' किंवा तत्सम नाव निवडावे, मोबाईलमध्ये 'कास्ट' किंवा सॅमसंगच्या फोनवर 'स्मार्ट व्ह्यू' उघडावे आणि संचाचे नाव दिसताच त्यावर बोट टेकवावे. आवाज किंचित मागे पडतो, बॅटरी लवकर उतरते, मध्ये भिंत आली की चित्र अडखळते. आणखी एक लाभ सांगावयास हवा. गोंदियाकडील अनेक मुलांची घरची बोली पोवारी किंवा हिंदी. पुस्तकातील मराठी त्यांना थोडी दूरची वाटते. मोठ्या पडद्यावरील चित्र थांबवून, बोट ठेवून, त्यांच्या बोलीत समजावून सांगणे शिक्षकाला साधते. प्रत्येकाच्या हातात वेगळा फोन असता तर ते साधले नसते.

पंचायतीच्या दृष्टीने पाहता, ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखविण्याचा प्रघात आहे. पण मागच्या रांगेत बसलेल्या बायाबापड्यांना त्यातील आकडे ऐकून लक्षात राहत नाहीत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावरील आपल्याच गावाचा आराखडा आणि खर्च पडद्यावर उघडला, तर प्रश्न विचारणाऱ्याला नेमकी ओळ दाखविता येते. येथे मात्र नेट लागेल. नसल्यास आदल्या दिवशी त्या पानांची छायाचित्रे फोनमध्ये घेऊन ठेवावीत.

आरसा काहीच लपवीत नाही, हे येथेच लक्षात घ्यावे. बँकेचा सांकेतिक क्रमांक, घरचा निरोप, एखाद्या लाभार्थ्याचा आधार क्रमांक, जे फोनवर उमटेल ते साऱ्या गावाला दिसेल. आधार क्रमांक जाहीरपणे झळकविण्यास २०१६ च्या आधार कायद्याने मनाई आहे. म्हणून सूचना बंद ठेवणारी 'व्यत्यय नको' ही कळ आधी दाबावी. शक्य असल्यास या कामासाठी खाजगी खाती नसलेला वेगळा फोन किंवा टॅब्लेट ठेवावा.

खरेदीपूर्वी एक खबरदारी घ्यावी. संच स्मार्ट आहे म्हणजे तो प्रत्येक फोनशी बोलेलच असे नाही. ॲपलचे फोन एअरप्ले ही आपलीच पद्धत मानतात. गुगलच्या पिक्सेल फोनवर मिराकास्ट नाही. तेव्हा वर्गात जो फोन वापरावयाचा तोच दुकानात न्यावा, दुकानाचे वाय-फाय न घेता आणि फोनचा डेटा बंद करून चित्र आणून पाहावे, मगच देयकावर सही करावी. संच जुना पण एचडीएमआय जोडणीचा असेल, तर नवा घेण्याची घाई नको. मिराकास्ट घेणारे लहान उपकरण त्याला मागून जोडता येते. आणि एक तारही कपाटात असू द्यावी. काही फोनच्या चार्जिंगच्या तोंडातून चित्र तारेने बाहेर येते, काहींच्या येत नाही. हेही त्याच दुकानात, त्याच फोनवर तपासून घेता येईल.